एमएस्सी बॉटनी : शिवाजी विद्यापीठ की पुणे? (भुदरगडहून विचारते)

बांधावरची

नमस्कार. मी भुदरगड तालुक्यातली. बॉटनी घेऊन बीएस्सीचं तिसरं वर्ष आत्ताच संपलं, निकाल यायचाय. पुढं एमएस्सी बॉटनीतच करायची असं माझ्या मनात आहे, पण घरात एकमत होत नाही. वडील ऊस करतात. त्यांचं म्हणणं, "शीक, पण शिकून काय होणार ते आम्हाला समजेल असं सांग." मामा म्हणतात बीएड कर आणि मोकळी हो. पुण्यातला चुलतभाऊ म्हणतो कोल्हापुरात राहून संशोधन होत नसतं, इकडंच ये. शेजारच्या काकू अजून विचारतात, नीटला मार्क कमी पडले होते का? मी नीट दिलीच नव्हती.

मला या विषयाची ओढ लागली ती आजीमुळं. पावसाळ्यात ती बांधावरनं फोडशी, कुरडू, टाकळा ओटीत घालून आणते. पान कोवळं आहे की जून झालंय हे तिला नुसतं चिमटीत धरून कळतं. मी एका वहीत डावीकडं तिची नावं आणि उजवीकडं शास्त्रीय नावं लिहीत आले आहे. ११२ झाली. त्यातल्या ४० जणींपुढची जागा रिकामी आहे, कारण मला त्या ओळखता येत नाहीत आणि कुणाला विचारावं ते कळत नाही.

तर विचारायचं हे, की विद्यापीठाच्या विभागात एमएस्सी म्हणजे कॉलेजपेक्षा वेगळं काय असतं? बारावीपर्यंत शास्त्र घेतलं तरी मी मराठीतच विचार करते, तिथं निभेल का? आणि आमच्याकडं प्रॅक्टिकलला एका मायक्रोस्कोपवर आठजण असायचो, स्लाइड बहुतेक तयारच दाखवायचे. हात बसलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते.

कागलकर

विद्यापीठाची प्रवेश परीक्षा असते, तिची तारीख आधी बघा. निकालाची वाट बघत बसू नका, अर्ज भरून ठेवा. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला तहसीलमधनं आत्ताच काढा, जूनमध्ये रांग असते. बाकी अभ्यासाचं शिरोळच्या ताई सांगतील, त्या तिथल्याच आहेत.

शिरोळची

हो, मी तिथलीच. २०१८ ते २०२० एमएस्सी बॉटनी शिवाजी विद्यापीठात केली, आता पीएचडी शेवटाकडं आली आहे. सविस्तर लिहिते, कारण तुझ्या जागी मी होते तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यात आधी ती वही जप. उजवीकडच्या ४० रिकाम्या जागा हीच तुझी एमएस्सी आहे असं समज. विभागात पहिल्या दिवशी बहुतेकजण मार्कलिस्ट घेऊन येतात, प्रश्न घेऊन येणारे फार थोडे असतात.

कॉलेजपेक्षा वेगळं काय, तर कॉलेजात आपल्याला झालेलं विज्ञान शिकवतात. विभागात शेजारच्या खोलीत ते चाललेलं असतं. तू ज्या सरांकडं वर्गीकरण शिकशील त्यांच्या टेबलावर कालच आंबा घाटातनं आणलेली फांदी पाण्यात ठेवलेली असेल, आणि ती नक्की काय आहे हे अजून त्यांनाही ठरवायचं असेल. मला हे बघूनच धक्का बसला होता. मोठ्या माणसाला माहीत नसतं, तो भिंगाखाली धरून, जुने ग्रंथ काढून, हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहातल्या, शीटशी जुळवून बघतो, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं.

आता हात न बसल्याबद्दल. माझाही नव्हता. पहिल्या सत्रात कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करायची होती, पेशी विभाजन बघायला. कांद्यात १६ गुणसूत्रं. पुस्तकात सगळं सोपं दिसतं, मुळाचं टोक कापा, अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्लाच्या ३:१ मिश्रणात टाका, मऊ करा, रंग द्या, काचेखाली दाबा. मी तीन आठवडे रोज करत होते आणि रोज गुलाबी पेशींची गर्दी दिसायची, मधे गोल केंद्रक, बस्स. एकही गुणसूत्र नाही. वसतिगृह अजून मिळालं नव्हतं, शिरोळहून एसटीनं यायचे, विभागात पोचायला ११ वाजायचे आणि मग मुळं कापायची. शेवटी प्रयोगशाळेतल्या मामांनी एक दिवस विचारलं, "पोरी, मुळं किती वाजता कापतीस?" सांगितल्यावर म्हणाले, "सकाळची काप की. घरी काप आणि बाटलीत घालून आण." विभाजन चालू असलेल्या पेशी सकाळी जास्त सापडतात हे सरांनीही तासाला सांगितलं होतं, माझ्या वहीत लिहिलेलंही होतं. मला ते स्वतःला लागू करता आलं नव्हतं.

मग बोटभर बाटलीत ते मिश्रण घेऊन घरी गेले. आईच्या ओट्यावर पेल्याच्या तोंडावर कांदा ठेवला, बुडाला जेमतेम पाणी लागेल असा. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला पांढरी मुळं दोन बोटं लांब आली होती. ब्लेडनं टोकं कापून बाटलीत टाकली, बाटली डब्याशेजारी पिशवीत. त्या दुपारी काचेवर अंगठा दाबताना हात कापत होता. अंगठा सरळ खाली दाबायचा, जरा जरी सरकला की पेशी चुरगळतात. बघितलं तर एका पेशीच्या मधोमध काळपट लाल काड्या आडव्या मांडल्यासारख्या. मोजल्या. १५ आल्या. परत मोजल्या, १६. दोन एकमेकींवर पडल्या होत्या.

ती पेशी मी कुणाला तरी दाखवावी म्हणून मामांनाच बोलावलं.

याच कामात गुणसूत्रं नीट पसरावीत म्हणून कधी कधी कोल्चिसिन नावाचं रसायन वापरतात. ते तुझ्या भागात रानात उगवणाऱ्या कळलावीच्या कंदातही असतं. आजीला विचार कळलावीबद्दल, ती हात लावू देणार नाही, आणि तिचं बरोबर आहे, ती विषारी असते. पण बघ, आजी सांगते ते आणि प्रयोगशाळेतली बाटली एकाच झाडापाशी येतात.

पुणे की कोल्हापूर, याचं उत्तर तू काय बघणार आहेस यावर आहे. तुला झाडं ओळखायची असतील, ती कुठं आणि का उगवतात हे हवं असेल, तर कोल्हापूर सोडू नकोस. विद्यापीठ १९६२ चं. सागरमाळावर ८५० एकरांच्या आसपास आवार, विभागाची स्वतःची बाग, स्वतःचं हर्बेरियम. एका बाजूला राधानगरी-दाजीपूरचं जंगल, दुसरीकडं पन्हाळ्यापलीकडं मसाईचं पठार, वर साताऱ्याला कास. पश्चिम घाटाला २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदलं त्यात कास आणि राधानगरी दोन्ही आहेत. पुण्या-बंगळूरच्या लोकांना इथं यायला रजा काढावी लागते, आपण सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येतो.

आणि इथं काम झालेलं आहे. कंदीलपुष्पांवर, म्हणजे सेरोपेजियावर, प्रा. श्रीरंग यादव सरांनी जे केलं ते याच विभागातलं. नव्या जाती शोधल्या, दुर्मिळ झालेल्या बागेत वाढवून परत डोंगरावर लावल्या. कोकणातल्या खारफुटीवर प्रा. लीला भोसले मॅडमचं काम, तेही इथलंच. चुलतभावाला हे दाखव.

कंदीलपुष्प तू बघितलंयस का? गुराखी पोरं त्याचे कंद उकरून खातात, तुमच्याकडंही खात असतील. फूल खाली फुगीर, वर नळी, आणि पाच पाकळ्या टोकाला जुळून कंदिलासारख्या. मी एक ब्लेडनं उभं चिरलं होतं. नळीच्या आतनं बारीक केस, सगळे खाली वळलेले. वासानं चिलट आत उतरतं, केसांमुळं वर चढता येत नाही, रात्र आतच काढतं. त्या धडपडीत परागांच्या पिशव्या त्याला चिकटतात. मग केस सुकतात, वाट मोकळी होते, आणि ते निघून दुसऱ्या फुलात जाऊन अडकतं. माझ्या फुलात तीन चिलटं होती, तिन्ही जिवंत. एकाच्या तोंडाला दोन पिवळे कण लोंबत होते. भिंग धरून मी पाऊण तास त्या एका चिलटाकडं बघत बसले.

एक दुःखाची गोष्टही सांगते. २०१९ च्या ऑगस्टात माझ्या प्रोजेक्टची ४० झाडं प्रेसमध्ये, म्हणजे कागदांत दाबून वाळवायच्या चौकटीत होती. ओल्या दिवसांत टिपकागद रोज बदलावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. मी रविवारी घरी गेले आणि कृष्णा-पंचगंगेला पाणी आलं. आमचं शिरोळ पाण्यानं वेढलेलं. घरातली माणसं, म्हशी, धान्य, त्यात प्रेस आठवायलाही सवड नव्हती. पंधरा दिवसांनी विभागात येऊन पट्टे सोडले तर आत काळी-हिरवी लव. फुलं तर ओळखूच येईनात. घर वाचलं म्हणून देवाला हात जोडले होते, आणि इथं त्या कागदांपुढं बसून रडले. पुढच्या वर्षी परत गोळा करू म्हटलं तर लॉकडाऊन लागला. प्रोजेक्ट शेवटी माझ्या वहीतल्या नोंदींवर उभा राहिला: कुठं, किती उंचीवर, जांभ्यावर की मातीत, फुलाचा ताजा रंग काय. वाळल्यावर रंग जातो, तो तेव्हाच लिहावा लागतो. मी लिहिला होता. म्हणून सुरुवातीला वही जप म्हटलं.

मराठीचं राहिलं. पहिला शोधनिबंध चार पानांचा होता, मला नऊ दिवस लागले. प्रत्येक परिच्छेदाशेजारी मी पेन्सिलीनं मराठीत एक ओळ लिहायचे. दुसऱ्या सत्रात ओळ लिहायची गरज कमी झाली. सेमिनारला उभं राहून इंग्रजी अडखळलं तर कुणी हसत नाही, निम्मा वर्ग गारगोटी, आटपाडी, पाटण, जतचाच असतो. लिहायला मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजीत लिही.

पेट्रीडिश

शिरोळच्या ताईंचं मनापासून पटलं, पण दुसरी बाजूही हिच्या कानावर असू दे. मी बायोकेमिस्ट्रीचा, पुढं पुण्याला आलो. काम डीएनए, प्रथिनं, पेशीसंवर्धन असं असेल तर इथं यंत्रं जास्त, आणि एकाच शहरात एनसीएल, आघारकर, एनसीसीएस, आयसर अशा संशोधन संस्था सगळ्या आहेत. मंगळवारी एखाद्याचं भाषण ऐकलं आणि बुधवारी त्याच्या लॅबमध्ये जाऊन उभं राहता येतं. हे कोल्हापुरात होत नाही.

पण त्यासाठी एमएस्सीच पुण्यात हवी असं नाही. बंगळूरच्या विज्ञान अकादमीची उन्हाळी फेलोशिप असते, दोन महिने चांगल्या लॅबमध्ये काम करायला मिळतं. विभागात असताना तिला अर्ज कर. मी तसाच बाहेर पडलो.

पैशाचं स्पष्ट बोलतो, कारण घरचे तेच विचारणार. सीएसआयआर-नेट या परीक्षेत लाइफ सायन्सेसमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि पुढं ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. पेपर २०० मार्कांचा, तीन तास, अभ्यासक्रमाची १३ प्रकरणं. शेवटच्या भागात पाठांतर चालत नाही, प्रयोगाचे आकडे देऊन विचारतात, याचा अर्थ काय. ज्यानं स्वतः स्लाइड बिघडवलीय त्याला तो भाग सोपा जातो. मात्र फेलोशिप वेळेवर येईल असं धरून चालू नका. माझी एकदा सात महिने रखडली होती. खोलीचं भाडं मित्रानं भरलं. पहिले पैसे आले की चार महिन्यांचं बाजूला काढायचं, हे मी प्रत्येकाला सांगतो.

आणि बाई, विभाग निवडशील तेवढीच चौकशी मार्गदर्शक निवडताना कर. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून विचार.

दूधगंगाकाठचा

माझी मुलगी प्राणिशास्त्रात एमएस्सी झाली, म्हणून तुझ्या वडिलांच्या प्रश्नाला बाप म्हणून उत्तर देतो. मीही ऊसवालाच.

वडिलांना विचार, रानात कुठल्या जातीच्या उसाची लागण आहे. को ८६०३२ असेल, नाहीतर फुले २६५. ८६०३२ मधलं 'को' म्हणजे कोइमतूर. उसाला तुरा येतो, त्या तुऱ्याचे पराग दुसऱ्या तुऱ्यावर घेऊन, हजारो रोपांतनं एक निवडून माणसांनी ती जात काढली. ती माणसं हेच शिकलेली होती. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाची रोपं काचेच्या बाटलीत ऊतिसंवर्धनानं करतात, तिथं मी गेलोय, पांढऱ्या कोटातल्या पोरी चिमट्यानं कोंब वेगळे करत होत्या. हे वडिलांना एकदा दाखवून आण. माझा जो विरोध होता तो तिथं गेला.

नोकरीचं म्हणशील तर ज्युनिअर कॉलेजला एमएस्सी आणि बीएड दोन्ही लागतं, म्हणजे मामांचं बीएड नंतरही करता येतं. सीनिअरला नेट, सेट किंवा पीएचडी. वनसेवेच्या परीक्षेलाही विज्ञान पदवी चालते. लगेच मिळेल असं मी म्हणणार नाही, आमच्या मुलीला तीन वर्षं लागली, त्यात दोन वर्षं तासिका तत्त्वावर काढली. ती वर्षं घराला जड गेली.

राहण्याचं म्हणशील तर विद्यापीठात कमवा आणि शिका योजना आहे, चौकशी कर. शाहू महाराजांनी इथं वसतिगृहं उघडली ती खेड्यातल्या पोरांना कोल्हापुरात राहता यावं म्हणूनच, त्या गावात तू परकी नाहीस.

बांधावरची

सगळ्यांचे खूप आभार. दूधगंगेच्या काकांचं लिहिलेलं वडिलांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, संध्याकाळी मात्र रानात जाऊन आले आणि म्हणाले, "आपली ८६०३२ च हाय." ताई, कॉलेजात चौथं वर्ष करून मग एमएस्सी एका वर्षात होते असं मैत्रीण म्हणते, ते करू का?

शिरोळची

चौथं वर्ष संशोधनासह करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि कॉलेजात तशी सोय आणि मार्गदर्शक हवेत. एका मायक्रोस्कोपवर आठजण असाल तर ते वर्ष तिथं घालवू नकोस. तू दोन वर्षांसाठीच विभागात ये. तुला वेळ हवाय.

बांधावरची

तीन महिन्यांनी लिहिते आहे. प्रवेश मिळाला, वसतिगृहही. परवा आम्ही मसाईच्या पठारावर गेलो होतो. सगळा जांभा पाण्यानं भिजलेला, आणि त्यावर जांभळी चादर, सीतेची आसवं. आजी याला काय म्हणते ते मला माहीत होतं, शास्त्रीय नाव नव्हतं. ती ४० मधलीच एक. मॅडमनी एकच झुबका उचलायला सांगितला, जास्त नाही.

रात्री विभागात त्याची मुळं म्हणून जे होतं ते पाण्यात हलवून चिखल काढला. मुळं नव्हतीच ती, दोऱ्यासारख्या फांद्या, आणि त्यांना मिलिमीटरभराच्या पारदर्शक पिशव्या. या जमिनीत नायट्रोजन कमी, म्हणून हे झाड त्या पिशव्यांनी पाण्यातले जीव ओढून घेतं. सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात, असं मॅडम म्हणाल्या. मायक्रोस्कोपखाली पाचवी पिशवी बघत होते तिच्यात काहीतरी हलत होतं. एवढंसं, केसाळ, गोल फिरणारं. अजून जिवंत होतं. मी मॅडमना हाक मारली तर त्यांनी खुर्ची ओढली आणि त्याही बघत बसल्या. ते काय होतं ते त्यांनाही लगेच सांगता आलं नाही.

वहीत नाव लिहिलं. ३९ राहिल्या.

ताई, टिपकागद चांगला कुठं मिळतो? राजारामपुरीतली दोन दुकानं झाली, मिळाला तो फार पातळ आहे.

शिरोळची

पातळ घेऊ नकोस, चिकटतो. जुनी वर्तमानपत्रं चालतात, गुळगुळीत पुरवणी तेवढी वगळ. रोज बदल, रविवारीही. माझ्याकडं जाड टिपकागदाचा गठ्ठा शिल्लक आहे, बुधवारी बागेच्या फाटकापाशी साडेदहाला भेट. वही घेऊन ये.